टिकलीचा डबा

२ मार्च
ही डायरी गेल्या वर्षीची आहे. ज्ञानेशला कंपनीत मिळाली होती, वर्षभर कपाटात कोरी पडून राहिली. पानावर छापलंय शनिवार, आज आहे रविवार. तारीख बरोबर, वार तेवढा चुकलेला. चालतंय की, कागद काही नासत नाही.

ज्ञानेश म्हणजे माझा नवरा. तोंडानं कधी नाव घेत नाही, पण इथं कोण ऐकतंय, म्हणून ज्ञानेशच लिहिणार. बारामती एमआयडीसीत पाकिटांवर तारीख मारायच्या मशीनवर तो असतो. असतो म्हणजे असायचा. कंत्राटी माणसांना सात महिने झाले की कंपनी ब्रेक देते. दोन महिने घरी बसा, मग नव्यानं घेऊ. हा तिसरा ब्रेक. मागचे दोन हसतखेळत निघाले, पण या खेपेला घरात आठ महिन्यांचा यशराज आहे आणि माझं अंगावरचं त्याला पुरत नाही. पावडरच्या डब्याचा भाव विचारून मेडिकलमधून दोनदा तशीच परत आले.

आज माहेरी इंदापूरला गेले होते. बाजारात कडेला सर्जेराव म्हणून एक म्हातारबाबा ताडपत्री टाकून बसतात. बिस्किटं, शेवया, जाम, सॉस, सगळा मुदत संपत आलेला माल. निम्म्याहून कमी भाव. मी बाळाच्या दुधाच्या पावडरचा खोका उचलला. मुदत संपायला अजून महिना होता. तेवढ्यात त्यांनी त्याच कंपनीचा दुसरा खोका वर ठेवला. तो नोव्हेंबरातच संपलेला.

"ह्यो फुकट घ्या, ताई. पण च्यापुरता हां. लेकराला न्हाय द्यायचा. इसरू नका."

म्हटलं, एवढी का खुळी आहे मी!

४ मार्च
ज्ञानेशला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलंय. लोकांच्या घरी गेला तरी बिस्किटाचा पुडा उलटा करून तारीख बघणारा माणूस तो. एकदा सोयरिकीत सगळ्यांसमोर सरबताची बाटली परत केली होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यांनाही सांगितलं नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं नाही, पण लेकानं विचारलं तर त्या खोटं बोलणार नाहीत.

म्हणून सगळा माल डब्यांत ओतायचा आणि खोके, पाकिटं बंबात घालायची. पाणी तापतं आणि पुरावाही जातो. दुधाच्या पावडरीला रुखवतातले दोन स्टीलचे डबे काढले. दोन्ही सारखे, दोन्हींवर आईनं माझं नाव घालून घेतलेलं. गल्लत नको म्हणून नोव्हेंबरवाल्या डब्याच्या झाकणावर माझी लाल टिकली चिकटवली. टिकलीचा डबा मोठ्यांच्या चहाचा, बिनटिकलीचा यशराजचा. बिस्किटांच्या डब्यालाही तसंच केलं. स्वतःच्या अकलेवर आज मी बेहद्द खूश आहे.

आत्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या हसल्या. काही विचारलं नाही. बरं झालं.

७ मार्च
वाचले. बंबाच्या राखेत पाकिटाचा एक कोपरा जळायचा राहिला होता आणि तो नेमका ज्ञानेशच्या हाती लागला. उन्हात धरून वाचायला लागला.

"रोहिणी, ही तारीख बघ. जानेवारीची हाय. कुठनं आणलंस हे?"

"दुकानातल्या पोरीनं चुकून दिलं. मी टाकूनच दिलं ते."

"बरं केलंस. त्या दुकानात परत जाऊ नगंस."

हे बोलताना तो त्याच पाकिटातलं बिस्कीट चहात बुडवत होता. मला हसू आवरेना, न्हाणीघरात जाऊन हसले. मग थोडी भीतीही वाटली. खोटं पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते, दुसऱ्यांदा नाही. दुकानातल्या पोरीचं सांगताना अडखळले, टाकून दिलं म्हणताना नाही.

१२ मार्च
आज आशाताई आली होती, यशराजचं वजन करायला. श्रेया तिचं नाव, नवीनच लागलीय. वजन चांगलं भरलं. मी मागं धुणं धुवत होते तेवढ्यात ती निघाली. बघते तर कपाळावर लाल टिकली. येताना नव्हती, उन्हानं तोंड धुऊन आली होती बिचारी.

सवाष्णीला मोकळ्या कपाळानं दारातून जाऊ द्यायचं नाही, हा आत्यांचा नेम. स्वतः विधवा, त्यामुळे कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाहीत. दुसरीच्या कपाळाला बोटही लावत नाहीत, टिकली नुसती पुढं करतात. तिनं आपली लावून घ्यायची. मी विचारलं, "आत्या, टिकली कुठनं आणली?"

"हुती की हितंच," म्हणाल्या. त्या दुपारपासून फळी पुसायच्या नादात होत्या. सगळे डबे खाली काढून, पुसून परत लावले. फळी लख्ख झालीय.

संध्याकाळी बघितलं तर माझ्या आरशावरची एक टिकली कमी. तीच दिली असणार. नवीन पाकीट आणायला हवं.

१३ मार्च
आजच्या चहाला काय चव आली होती! दाट, गोड, नाव ठेवायला जागा नाही. ज्ञानेशनं कप पुढं केला, "अजून हाय का?" टिकलीच्याच डब्यातली पावडर. नोव्हेंबरात संपलेली! गेले आठ दिवस तिला जरा कुबट वास यायचा तोही आज आला नाही. तारीख म्हणजे निव्वळ थोतांड आहे, लोकांनी नवीन माल घ्यावा म्हणून काढलेली युक्ती. ज्ञानेशला एकदा हे तोंडावर सांगायचंय, पण कसं सांगणार?

यशराजनं मात्र बाटली अर्धी ठेवली. तोंड वाकडं करत होता. दात येतायत बहुतेक. त्याच्या पावडरीत जरा गुठळ्या झाल्यात, गाळणीनं गाळून दिली.

१५ मार्च
यशराजला जुलाब. सकाळपासून पाच वेळा. काल छबूबाई शेजारून आली होती. बाळाला उचलून म्हणाली, "केवढा गुटगुटीत झालाय गं, बघत ऱ्हावंसं वाटतंय." तेव्हाच मी बाळाला तिच्याकडून काढून घेतलं होतं. आत्यांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका आला नाही. आत्या म्हणाल्या, "लई लागलीया." मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली बाई, पण आज माझाही विश्वास बसला.

१७ मार्च, बारामती, दवाखाना
काल रात्रीपासून उलट्याही सुरू झाल्या. आमच्या गावाहून, कऱ्हाटीहून, मोटरसायकलवर आणलं. माझ्या मांडीवर तो इतका गप्प होता की मी वाटेत सारखी त्याच्या नाकाशी हात धरत होते. सलाईन लावलंय. एवढ्याशा हाताला शीर सापडेना, तीन वेळा टोचलं. मला ते बघवलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, वरचं काय देता? मी पावडरचं नाव सांगितलं.

"तारीख बघून घेतली होती ना?"

मी तोंड उघडायच्या आत ज्ञानेश बोलला. छाती पुढं काढून बोलला. "डॉक्टर, माझं कामच त्ये हाय. तारीख मारायच्या मशीनवर असतो मी. आमच्या घरात मुदत गेलेलं काय येत न्हाय."

डॉक्टर हसले, लिहून घेतलं. मी फरशीकडं बघत राहिले.

पण मी खोटं कुठं बोलले? बाळाचा डबा तारखेतलाच आहे. टिकलीचा वेगळा, बिनटिकलीचा वेगळा. ज्याचा या दुखण्याशी संबंध नाही, ते सांगून नसती आफत का ओढवून घ्यायची? हे मी तीनदा मनाशी म्हटलं. तिसऱ्या वेळी पटलं.

१९ मार्च
घरी आलो. दवाखान्यात दोन दिवसांत चांगलाच तरतरीत झाला. येताना डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढत होता. तिथं त्यांनीच दिलेलं दूध पीत होता. ते म्हणाले, आता घरची पावडर हळूहळू सुरू करा, पाणी वीस मिनिटं उकळा, बाटली उकळा. सगळं केलं. दुपारी पहिली बाटली दिली. देवा, आता सांभाळ.

२० मार्च
परत सुरू झालं.

पाणी उकळलं होतं. बाटली उकळली होती. माझे हात मी इतके घासले की सालं निघाली. मग राहिलं कोण? आत्या. त्या मिश्री लावतात. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड रोज सकाळी बोटानं दातांना घासायची आणि तेच बोट पदराला पुसून बाळाला घ्यायचं.

मी बोलले. जे बोलायला नको होतं ते सगळं बोलले. "तुमच्या या घाणेरड्या हातानं माझं लेकरू मारताय तुम्ही. आजपासून हात लावायचा नाही त्याला." ज्ञानेश दारात उभा होता, त्यानंही आईकडं बघितलं. पण मला गप्प बस म्हणून काही म्हणाला नाही.

आत्या उठल्या, मिश्रीची डबी उकिरड्यावर टाकून आल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. जेवायलाही आत आल्या नाहीत, ताट बाहेर नेऊन दिलं. ओट्यावरून दारातून पाळणा दिसतो. तिकडंच बघत बसल्या होत्या.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण लेकरापुढं सासू कोण!

२१ मार्च
जिवाला घोर नको म्हणून आज मी टिकलीचा डबा परसात नेऊन ओतून टाकला. निम्मा भरलेला होता. वाईट वाटलं, इतक्या चांगल्या चवीची पावडर. पण मनात पाल चुकचुकत होती, चुकून एखादा चमचा इकडचा तिकडं झाला तर? आता घरात एकच डबा राहिला, यशराजचा, खात्रीचा. ओतल्यावर हलकं वाटलं.

दर दोन तासांनी थोडं थोडं पाजतेय. पीत नाही, पण गोडीगुलाबीनं घशाखाली घालतेय. अंगात ताकद यायला हवी ना.

२४ मार्च, दवाखाना
दोन दिवस डायरी उघडली नाही. आता सगळं लिहिते, आणि जसं झालं तसं लिहिते.

बावीस तारखेला सकाळी यशराज रडला तर डोळ्यांत पाणी येईना. नुसता आवाज, तोही मांजरीच्या पिल्लाएवढा. ज्ञानेश गाडीची सोय करायला गेला. मी आशाताईला फोन केला, ती जलसंजीवनीची पाकिटं घेऊन धावत आली. तिनं लिहायला रजिस्टर उघडलं. आतल्या पुठ्ठ्यावर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

माझं लक्ष गेलेलं तिनं बघितलं. मला धीर द्यावा म्हणून असेल, हसून म्हणाली, "बाळाच्या आजींनी दिलेली हो. घामानं कपाळाला राहत नाही, म्हणून इथं जपून ठेवलीय. मला इतकं हसू आलं होतं त्या दिवशी, डब्यावरची काढून दिली त्यांनी."

मी म्हटलं, "डब्यावरची नाही, आरशावरची."

"नाही ताई, माझ्यासमोर काढली. स्टीलच्या डब्याच्या झाकणावरची."

मी तशीच ओट्यावर गेले. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आत्या, टिकली डब्यावरची दिलीत?"

"व्हय. दुसरी कुठं असती माझ्यापाशी?"

"मग डब्यावर टिकली होती ती?"

"ती म्या मागनं लावली. तुझ्या आरशावरची. डबा कसा भुंडा दिसाया लागला."

"कुठल्या डब्याला लावली?"

त्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. "आता त्ये मला कसं कळावं, पोरी? फळी पुसाया समदं खाली काढलं हुतं. दोन्ही डबं सारखंच की. एकाला लावली." मग घाबरून म्हणाल्या, "त्यात काय चुकलं का? मला वाटलं, लेकराच्या दुधाला दिष्ट लागू नये म्हनून तू टिकली लावतीस. आमी न्हाय का गालाला तीट लावत, तसं."

मी आत पळाले. यशराजचा डबा उघडून नाकाशी धरला. तोच कुबट वास. पहिल्या दिवशी चहाच्या पावडरीला आलेला, आणि तेरा तारखेपासून चहातून गेलेला. तो गेला नव्हता, बाळाच्या बाटलीत आला होता. चांगली पावडर आम्ही तिघांनी चहात प्यायली. उरलेली चांगली मी माझ्या हातानं परसात ओतली. आणि ही, नोव्हेंबरातली, गाळून, कोमट करून, गोडीगुलाबीनं मीच पाजत होते. आत्यांनी एकही बाटली दिली नव्हती.

बारामतीपर्यंत गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. ज्ञानेश म्हणाला, "डबा कशाला घेतलास?" मी म्हटलं, डॉक्टरांसमोर सांगते. तेव्हाच सांगितलं असतं तर त्यानं गाडी थांबवली असती अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांसमोर तो ओरडणार नाही, हाही हिशेब मनात होताच.

सगळं सांगितलं. इंदापूरचा बाजार, दोन खोके, बंब, टिकली. सर्जेरावांनी बजावलं होतं, तेही. डॉक्टर म्हणाले, "कशानं झालं हे नक्की सांगता येणार नाही. उन्हाळा आहे, पाणीही असू शकतं." माझ्या मनानं तेवढीच फट धरली. दोन क्षण मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "पण हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर घरची पावडर परत सुरू करायला मी सांगितलं नसतं." फट बुजली.

ज्ञानेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर म्हणाला, "आठ आठ तास उभा ऱ्हाऊन मी ती तारीख मारतो, रोहिणी. कुणीतरी वाचील म्हणून."

मग म्हणाला, "आणि परवा आईला बोललीस तवा मी गप ऱ्हायलो."

२६ मार्च
काल संध्याकाळी यशराज रडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. खरंखुरं पाणी, गालावरून ओघळलेलं. मी ते पुसलंच नाही, बघत बसले. लेकरू रडतंय आणि आई हसतेय, शेजारच्या खाटेवरची बाई मला वेडीच समजली असेल.

ज्ञानेश माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्यानं नवा खोका आणला. माझ्या हातात द्यायच्या आधी उलटा करून मलाच तारीख मोठ्यानं वाचायला लावली. मी वाचली. वॉर्डातल्या बायका बघत होत्या. लाज वाटली, पण वाचली.

३० मार्च
पाडवा. डायरीत शनिवार छापलाय, आज रविवार आहे. काट मारून वार नीट लिहिला.

काल घरी आलो. घरात श्रीखंड नाही की गुढीला साखरेची गाठी नाही, पण ज्ञानेशनं सकाळी गुढी उभी केली. फळीवरचे सगळे डबे मी खाली काढले. टिकल्या होत्या त्या सगळ्या डब्यांतलं ओतून, डबे घासले. कोणत्या झाकणाखाली काय आहे ते चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून चिकटवलं. आत्यांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक डबा त्यांना दाखवून तोंडानं सांगितला. त्या ओट्यावर बसूनच मान हलवत होत्या. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हापासून त्या ओट्यावरच निजतात, असं छबूबाई म्हणाली. उंबऱ्याच्या आत येत नाहीत.

माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात कुणी कुणाची मागितलेली मी बघितलेली नाही. गाडीत, दवाखान्यात मी वाक्यं जुळवली होती. आत्यांसमोर गेल्यावर एकही आठवेना. "आत्या, चूक माझी होती. तुमचा हात स्वच्छच होता," एवढंच म्हटलं आणि यशराजला त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकले.

त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

"थांब," म्हणाल्या. "हात धुऊन येते."

"राहू द्या हो आत्या, कशाला?"

"न्हाय न्हाय. तू म्हनली हुतीस."

बाहेरच्या न्हाणीघरात गेल्या. मी यशराजला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी साबण लावला, कोपरापर्यंत घासला, पाणी ओतलं. उजेडात धरून बोटं बघितली. परत साबण लावला. यशराज त्यांच्याकडं झेपावत होता, मी त्याला धरून ठेवलं होतं.

"झालं की आत्या, या आता," मी म्हटलं.

"आलेच," म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा साबण हातात घेतला.